डाव्या दाराची पाचर

वारंगा फाट्यावर वसराम राठोडचं दुकान शोधायला पाटी वाचावी लागत नाही. पाटी आहे, पण तिच्यावरची अक्षरं धुळीनं कधीच खाल्ली. जुन्या मोठ्या गाड्या दारं उघडून, दारांची आतली पॅडं काढून हायवेच्या कडेला उभ्या दिसल्या की समजावं, वसराम इथंच आहे. बटनाच्या काचा हा त्याचा प्रांत. तीन हातांतून फिरलेली, पंधरा वर्षांची गाडी कुणी हौसेनं घरी आणतो. इंजिन ठीक असतं, टायर ठीक असतात, आणि महिनाभरात एक काच धाडकन दारात पडते. मग तो माणूस फाट्यावर येतो.

वसराम पंचावन्नचा. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरचा. आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडलेला, बाप लोकांच्या रानात राबलेला, आणि हा घराण्यातला पहिला, ज्याच्या हातात पेचकस आला. तांड्याला त्याचं भारी कौतुक. वायर कुठं तुटली ते आमचे मालक डोळे मिटून सांगतात, असं त्याची बायको जिवनबाई पाणवठ्यावर सगळ्यांना ऐकवायची. माणूस कामाचा पक्का, बोलायला गोड आणि निरोप द्यायला महाआळशी. हा शेवटचा गुण कौतुकात कुणी धरत नव्हतं. तोच पुढं अंगाशी आला.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कळमनुरीचे उद्धवराव देशपांडे हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी अशीच एक जुनी मोठी गाडी घेतली. गुडघे गेलेले, म्हणून स्वतः चालवत नसत. ड्रायव्हर म्हणून ठेवला होता तांड्यावरचा संतोष, वसरामचा दूरचा भाचा. उद्धवराव पुढं डावीकडं बसायचे आणि रस्त्यात दिसेल त्याची चौकशी करायचे. एके दिवशी त्यांच्याच बाजूची काच खाली पडली ती वर येईना. दुसऱ्या दिवशी लेकीच्या, केतकीच्या स्थळासाठी वाशीमला जायचं होतं. हायवेचं काम चाललेलं, धुळीचे लोट उठत होते. संतोष गाडी घेऊन फाट्यावर आला.

वसरामनं पॅड काढून पाहिलं. काच वरखाली करणाऱ्या मशीनची केबल तुटली होती. नवी मशीन नांदेडहून मागवायची, म्हणजे चार दिवस. तोवर काय, तर पाचर. बाभळीचा वीतभर तुकडा तासायचा, त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळायचं, काच हातानं वर ढकलायची आणि खालून पाचर ठोकायची. मग बटन दाबा नाहीतर हातानं रेटा, काच हलत नाही. फाट्यावरचा प्रत्येक कारागीर हे करतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. त्या दिवशी टॉर्च संतोषनं धरला होता. "मशीन आली की फोन करतो," वसराम त्याला म्हणाला.

मशीन चौथ्या दिवशी आली. वसरामनं ती प्लास्टिकच्या पिशवीसकट फळीवर ठेवली. उद्या करू फोन, म्हणाला. दुसऱ्या दिवशी एका ट्रकचं वायरिंग जळालं. तिसऱ्या दिवशी सोयऱ्याकडं वास्तुशांती निघाली. मोबाइल खिशातच होता, नुसता मिस कॉल दिला असता तरी संतोष आला असता. पण काच वर होती, गिऱ्हाईक ओरडत नव्हतं, आणि न ओरडणारं गिऱ्हाईक या जगात नेहमीच मागं पडतं. अकरा दिवस मशीन फळीवर राहिली.

अकराव्या दिवशी सकाळी कालव्याच्या रस्त्यानं जाताना गाडीपुढं म्हैस आली. कालव्याला पाणी सुटलेलं होतं. संतोषनं स्टेअरिंग फिरवलं, गाडी सरळ कालव्यात गेली. संतोषच्या बाजूची काच उघडी होती, तो तिच्यातून बाहेर आला. उद्धवराव आले नाहीत. माणसं जमून, ट्रॅक्टर आणून गाडी ओढेपर्यंत अर्धा तास गेला.

डावं दार उघडेना म्हणून पंचनाम्याला आलेल्या पोलीस जमादारांनी फाट्यावरून वसरामला बोलावून घेतलं. उद्धवरावांना तोवर काठावर ठेवून वर धोतर टाकलं होतं. वसराम गाडीत शिरला, त्यानं पॅड काढलं, लॉक सोडवायला दारात हात घातला, आणि बोटांना ते ओलं रबर लागलं. पाचर जागची तसूभरही हलली नव्हती. त्यानं विचार केला असं म्हणता येणार नाही. हातानंच ती ओढली, हातानंच खिशात घातली. काच आपसूक खाली बसली.

"काच उघडतच नव्हती, म्या बाहेरून दगड मारले," संतोष सांगत होता. जमादारांनी काच धरून वर केली आणि सोडली. ती परत खाली गेली. त्यांनी वसरामला विचारलं, काचेत काही बिघाड आहे का? वसराम म्हणाला, मशीनची केबल तुटलेली आहे, काच मोकळी आहे. त्या घडीला यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. संतोषनं वसरामकडं पाहिलं. वसरामनं हातातल्या पेचकसाकडं पाहिलं. त्यानंतर संतोषनं काचेचं नाव पुन्हा काढलं नाही.

मालकाला पाण्यात सोडून पळालेला ड्रायव्हर, हे नाव संतोषला चिकटलं ते चिकटलंच. तेराव्याला तो देशपांड्यांच्या दारात गेला, तर उद्धवरावांच्या पत्नी वासंतीबाईंनी त्याला पायरीही चढू दिली नाही. कुणी त्याच्या हातात किल्ली देईना. तांड्यावर तो पारावर येऊन बसला की दोघं-चौघं उठून जात. त्यात जिवनबाईही होती, आणि वसराम तिच्या मागून मान खाली घालून उठायचा. शेवटी संतोष बायकोला, शिलाला घेऊन पश्चिमेकडं ऊसतोडीला निघून गेला. चांगला ड्रायव्हर माणूस, कोयता हातात घेऊन. याची लाज खरं तर एकाच माणसाला वाटायला हवी होती. ती वाटत होतीही, पण नुसती वाटून काय उपयोग?

वसरामनं पाचर मारणं मात्र त्या दिवसापासून बंद केलं. लोक हसले, म्हातारपणी डोकं फिरलं म्हणाले. यंदा दिवाळीनंतर एक जुनी गाडी आली. डावी काच पडलेली, दुसऱ्या दिवशी कनेरगाव नाक्याला लग्न. पुढच्या सीटवर गुडघ्याला पट्टा बांधलेले एक म्हातारे गृहस्थ. वसराम म्हणाला, मशीन येईस्तोवर काच उघडीच राहू द्या. ते चिडले, पुढच्या दुकानात गेले. तिथं दहा मिनिटांत पाचर बसली. गाडी परत समोरून गेली तेव्हा ते गृहस्थ आतून काचेवर थाप मारून बघत होते, पक्की बसली का म्हणून. वसरामनं शटर ओढलं, गल्ल्याच्या खालून कापडात गुंडाळलेली पाचर काढली आणि कळमनुरीची एसटी धरली.

वासंतीबाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली. चहा टाकते म्हणाल्या. तो नको म्हणाला आणि टीपॉयवर पाचर ठेवून त्यानं सांगायला सुरुवात केली. केबल, पाचर, कालवा, खिसा, जमादार, सगळं सांगितलं. फळीवरची मशीन तेवढी सांगितली नाही. ती त्याच्या घशाशी आली होती, पण समोर भिंतीवर हार घातलेले उद्धवराव होते, आणि एवढं कबूल केलं हेच पुष्कळ झालं असं त्याला वाटलं.

वासंतीबाईंनी वाकून ते लाकूड पाहिलं. त्याला हात लावला नाही.

"म्हणजे ते बटन दाबत राहिले असतील," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"आणि तो बाहेरून दगड मारत होता."

"व्हय बाई. तो खरं बोलून राहिला व्हता."

"त्याला मी दारातून हाकललं, वसरामभाऊ. तीन वर्षं रोज त्याला शाप दिला." त्यांचा आवाज तिथं फुटला. मग डोळे पुसून त्यांनी संतोषचा नंबर मागितला. वसरामनं आपल्याच मोबाइलवरून लावला आणि स्पीकर चालू करून टीपॉयवर ठेवला.

पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज होता. वासंतीबाईंनी नाव सांगितलं आणि माफी मागितली, आडपडदा न ठेवता, थोरपण बाजूला ठेवून. तुझ्यावर खोटा आळ घेतला, म्हणाल्या. वसरामभाऊंनी सगळं सांगितलं, तांड्यावर येऊन मी स्वतः चारचौघांत सांगेन, म्हणाल्या. संतोष नुसता हूं म्हणत होता. ट्रॅक्टरचा आवाज लांब गेला, तो कुठंतरी आडोशाला आला असावा.

"काकू, साहेबांनी आतून काचंला हात लावला व्हता," तो म्हणाला. "मला दिसून राहिला व्हता. आता स्टेअरिंग धरलं की तोच हात दिसतो. मला कुनी किल्ली दिली तरी आता चालवनं व्हायचं न्हाई."

वासंतीबाईंनी तोंडाला पदर लावला. फोनमधून पुन्हा आवाज आला.

"मामा हायत का तिथं?"

"हाय रे."

"मामा, तुमी पेचकसाकडं पाह्यलं त्या दिवशीच मी समजलो. तुमचं दुकान जाईल म्हनून गप बसलो. फकस्त एक सांगा. तुमी म्हनला व्हता, मशीन आली की फोन करतो. ती मशीन आली व्हती का?"

वसरामनं फोनकडं पाहिलं, मग वासंतीबाईंकडं. त्या त्याच्याकडंच बघत होत्या. आता हातात पेचकस नव्हता.

"आली व्हती," तो म्हणाला.

"कवा?"

"अकरा दिस आधी."

वासंतीबाईंनी वाकून मोबाइल उचलला, स्पीकर बंद केला आणि कानाला लावला.

"तू घरी ये, बाळा," त्या म्हणाल्या. "शिलालाही घेऊन ये. वसरामभाऊ आता निघतायत."