तीन महिन्यांसाठी परळला

नंदा, मी गाव सोडलं तेव्हा तू आईच्या कडेवर होतीस. मी अकरा वर्षांची. एसटीच्या खिडकीपाशी येऊन आई म्हणाली, "तीन म्हयन्यांत परत येतलंस, बाय." शेजारी बसलेल्या बाबांनी माझी पिशवी मांडीवर घेतली.

त्याआधी वर्षभर शाळेच्या वाटेवर माझे पाय बधिर व्हायचे. उकिडवं बसलं की बरं वाटायचं, उठून चाललं की पुन्हा तेच. जन्मापासून माझे हातपाय आखूड, म्हणून सगळे म्हणत, पोर दमणारच. मी उंच व्हावं म्हणून बाबा रोज सकाळी मला पडवीच्या वाशाला लोंबकळायला लावायचे. एक दिवस लघवी झालेलीही मला कळली नाही, तेव्हा आम्ही मुंबईला निघालो.

परळच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी माझी उंची मोजली आणि एक तक्ता काढला. माझ्यासारख्या, म्हणजे अकॉन्ड्रोप्लेजिया असलेल्या मुलांच्या वाढीचा तक्ता वेगळा असतो, हे तिथे कळलं. "ही बघ तू, अगदी मधल्या रेषेवर," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणापेक्षा कमी नव्हते. मग त्यांनी बाबांना समजावलं. वाढ ठीक आहे, पण अशा मुलांच्या कण्यातली पोकळी अरुंद असते. हिच्या नसा तिथे दबल्यात. मागचं हाड काढून जागा करावी लागेल.

बाबांनी विचारलं, "मी तिला लोंबकळायला लावायचो. त्यानं झालं का?"

"नाही हो. तुमच्यामुळे काही झालेलं नाही. यायला उशीर झाला, एवढंच."

ते 'एवढंच' बाबा मरेपर्यंत विसरले नाहीत.

ऑपरेशन नीट झालं. उजव्या पायात ताकद परत आली, डाव्यात आली नाही. फिजिओ तीन महिने, मग सहा, मग वर्ष. आपलं घर पाखाडीच्या साठ पायऱ्या उतरून, तिथे व्हीलचेअर जाणार कशी? लालबागला आत्याची खोली तळमजल्यावर होती. बाबांनी शिवडीच्या गोदामात वॉचमनची नोकरी धरली. आजीला सोडून आईला येता येईना. आपलं घर माझ्या एका पायापायी दोन ठिकाणी वाटलं गेलं.

तू सहा वर्षांची असताना आई तुला घेऊन लालबागला आली. तू माझ्याएवढी झाली होतीस. "ही तुझी ताई," आई म्हणाली, आणि तू तिच्या पदरामागे लपलीस.

आता मी परळला राहते, तिथल्याच एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. माझ्यासारखं मूल आलं की नाव लिहिण्याआधी विचारते, चालताना मध्येच बसतं का?

कुणी उचलून मला घरी न्यावं, याला मी वीस वर्षं तयार झाले नाही. माझा तोरा, दुसरं काही नाही. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हा चौघांनी मला खुर्चीत बसवून पाखाडी उतरवली. अर्ध्या तासानं त्याच चौघांनी आईला वर नेलं.

आपण दोघी माजघरात उरलो. तू वाकून आरशात बघत केस बांधलेस. आरसा पार खाली, माझ्या उंचीला लावलेला. मी विचारलं, असा का?

"आई हात लावूक देईना," तू म्हणालीस. "म्हणायची, ताई येतली तेव्हा खंय बघतली?"

मी परळलाच राहणार, नंदा. तिथे माझं काम आहे, दाराशी टॅक्सी येते. कुणी घर कुठे विचारलं तर गावाचंच नाव सांगते, पण तिथे आता माझी वाट बघणारं कुणी नको. तो आरसा वर लाव. तुझी पाठ दुखेल.