धावल्यानंतरची भूक

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या पोराला कारखान्यात सगळे काडी म्हणत. नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. अंगावर मूठभर मांस नाही, आणि बोलणं त्याहून कमी. दिवसभर यंत्रांच्या घरघरीत कोण कुणाशी बोलणार? संध्याकाळी खोलीवर यायचं, भांडंभर भात शिजवायचा आणि भिंतीकडे तोंड करून गिळायचा. आई होती तोवर तिचा फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "जेवलास का?" ती गेली. आता वडिलांचा फोन येई. "बरा आहेस ना? मग ठेवतो." वडील तसे मायाळू, पण त्यांची माया फोनमध्ये मावत नसे.

त्याला नाद एकच, पहाटे धावण्याचा. धावणारा माणूस एकटा असला तर कुणाला खुपत नाही. म्हणूनच इस्पितळाच्या फाटकावर 'संशोधनासाठी धडधाकट, धावणारे तरुण हवेत' अशी पाटी दिसली तेव्हा तो आत शिरला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंना बघायचं होतं की दमेपर्यंत धावल्यावर भुकेचं काय होतं. दर आठवड्याला एकदा उपाशीपोटी यायचं, हातात नळी टोचून घ्यायची, ट्रेडमिलवर घामाघूम होईस्तोवर पळायचं आणि मग पलंगावर पडून राहायचं. नळीतून मधूनमधून रक्त काढत आणि त्यात भुकेचे हार्मोन मोजत. शेवटी खोलीत एकट्याला बसवून समोर पाव, अंडी, भात, केळी असं भरपूर मांडत. हवं तेवढं खा म्हणत, आणि उरलेल्याचं मागाहून वजन करत.

काडीला यातल्या कशाचंच कौतुक नव्हतं. कौतुक होतं ते तिथल्या सिस्टरचं. रक्त काढायच्या आधी त्या दर वेळी पलंगाशी येत, उशी सारखी करत आणि विचारत, "काय रे, भूक लागली का? थोडी की सपाटून?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा काडीने उशीवरून मान उचलून त्यांच्याकडे बघितलं. आई गेल्यापासून हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

त्याच दिवशी शेजारच्या पलंगावरचा पोरगा म्हणाला, "भूक अजिबात नाही सिस्टर. मळमळतंय." थोड्या वेळाने त्याच्या हातातली नळी काढली आणि त्याला घरी धाडलं. पुन्हा तो दिसला नाही. त्याला ताप भरला होता, पण हे काडीला कोण सांगणार? त्याने मनाशी गाठ मारली, भूक नाही म्हटलं की गच्छंती.

आणि पंचाईत अशी, की धावून आल्यावर त्यालाही भूक नसे. एरवी पोटात कावळे ओरडत, पण ट्रेडमिलवरून उतरला की अन्नाचा वाससुद्धा नको होई. तरी सिस्टर आल्या की तो म्हणे, "सपाटून लागलीय." मग त्या हसत. "लागणारच. एवढा पळालास." एवढ्या एका वाक्यासाठी हा शहाणा नंतर जेवायच्या खोलीत घासावर घास कोंबत राही, पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलत राही. एकदा तर घरी जाऊन भडाभडा ओकला. पण पुढच्या खेपेला दाढी करून, धुतलेला सदरा घालून वेळेआधी हजर.

एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावून घेतलं.

"बस. तुझं रक्त एक सांगतंय आणि तू भलतंच," त्या म्हणाल्या. "पळून आल्यावर भूक लावणारा हार्मोन काही वेळ खाली येतो, पोट भरल्याचं सांगणारा वर चढतो. तुझ्यातही तसंच झालंय, अगदी स्पष्ट. आणि तू दर वेळी चौघांचं खातोस. खरं सांग, भूक होती?"

काडी बुटांकडे बघत म्हणाला, "नव्हती."

"मग?"

ताकाला जाऊन भांडं लपवायची ही वेळ नव्हती, हे त्यालाही कळत होतं. पण कुणीतरी विचारत राहावं म्हणून खोटं बोललो, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

"उगाच," तो म्हणाला.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. "तुझ्या नोंदी आता काढून टाकाव्या लागतील," त्या म्हणाल्या. "यापुढे नको येऊस."

बाहेर पडताना पलंगांच्या खोलीपाशी त्याचे पाय रेंगाळले. सिस्टरचा निदान निरोप घ्यावा, असं त्याला फार वाटलं. दार अर्धं उघडं होतं. आत नवा कुणीतरी घाम पुसत पडला होता आणि सिस्टर त्याची उशी सारखी करत होत्या.

"काय रे, भूक लागली का? थोडी की सपाटून?"

"छे, अजिबात नाही."

"बरं. नसली तरी चालतं," सिस्टर म्हणाल्या. "मी येते परत विचारायला."

काडी बाहेर भिंतीला टेकून बराच वेळ उभा राहिला. सिस्टर खरंच परत आल्या. तो पोरगा पुन्हा नाही म्हणाला, आणि त्यांनी पुन्हा तितक्याच मायेने बरं म्हटलं. मग काडी निरोप न घेताच जिना उतरला.