दोनदा वाजली तर आपलं माणूस

समजा, तुमच्या हातात समोरची हालचाल टिपणारी, मुठीएवढी एक डबी आहे आणि ती तुम्हाला एका घराच्या गेटजवळ, खांबावर बसवायची आहे. किती उंचीवर बसवाल? फार खाली बसवलीत तर गल्लीतलं प्रत्येक मांजर घंटी वाजवून जाईल. फार वर बसवलीत तर वाकून येणारा चोर आरामात आत. म्हणून कमरेइतकी. तिचं तोंड रस्त्याकडे ठेवायचं नाही, नाहीतर येणारी-जाणारी प्रत्येक गाडी तुमच्या स्वयंपाकघरात वाजेल. डबीनं वाट आडवी बघायची. मग गेटमधून कुणी आत पाऊल टाकलं की घरातली घंटी वाजते. झालं? नाही. आता घरातल्या माणसांना समजवायचं, आणि खरं काम तेच.

बावीस वर्षं तो हेच काम करत होता. आजूबाजूच्या वस्त्यांत सगळे त्याला टिंगटाँगकाका म्हणत. डबी बसवून झाली की तो घराभोवती एक चक्कर मारायचा. शिडी बाहेर ठेवू नका, चोराला आयता जिना मिळतो. खिडकीखालचं झुडूप गुडघ्याच्या वर वाढू देऊ नका. बाहेरगावी जाताना शेजारी सांगून जा. आणि निघताना, चपला पायात सरकवता सरकवता, ठरलेलं वाक्य: "घंटी राखण करत नाही हं. ती नुसती सांगते. राखण उठून बघणारा करतो."

घरात हेच वाक्य त्याच्या अंगाशी यायचं. मागच्या खोलीत त्याचं दुरुस्तीचं टेबल होतं आणि घरची घंटी त्याच टेबलावर. बायको दिवसातून दहा वेळा गेटमधून ये-जा करायची. टपाल, कचरा, शेजारीण, पुन्हा शेजारीण. दर घंटीला तो हातातलं काम टाकून खिडकीशी जायचा.

"अहो, मीच आहे," ती अंगणातून म्हणायची. "रोज नवीन बायको येणार आहे का?"

"आली तर बघायला नको?"

"या वयात नुसतं बघूनच घ्या."

शेवटी तोडगा तिनंच काढला. आत आल्यावर जरा थांबायचं आणि डबीसमोर पुन्हा एकदा हात हलवायचा. एकदा वाजली तर परकं माणूस. दोनदा वाजली तर आपलं, उठायचं नाही. डबी एकदा वाजली की चार सेकंद गप्प बसते, तेवढं थांबणं बायकोच्या जिवावर यायचं. "चार सेकंदांत माझी भाजी करपते," असं कुरकुरायची, पण थांबायची. मुलगी लग्न होऊन गेली, तरी माहेरी आली की दोनदा वाजवूनच आत यायची. गिऱ्हाइकांना त्यानं ही युक्ती कधी सांगितली नाही. ती घरातली गोष्ट होती.

त्या मंगळवारी जेवणं झाल्यावर बायको विणकामाच्या सुया परत द्यायला शेजारणीकडे गेली. तो एका बिघडलेल्या डबीचं पोट उघडून बसला होता. बऱ्याच वेळानं घंटी वाजली. हात थांबला. मग पुन्हा वाजली. आली, असं मनाशी म्हणून त्यानं मान खाली घातली.

चहाची वेळ टळली तेव्हा त्याला वाटलं, पडली असेल जरा आडवी. आणखी थोडा वेळ गेला. मग तो उठला.

ती गेटपासून तीन पावलांवर पडलेली होती. एक चप्पल पायात, एक मागे.

"हृदयाचा झटका," हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोडं आधी आणलं असतं तर कदाचित..." आणि त्याच्या तोंडाकडे बघून त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

पंधरा दिवसांनी मुलीला खिडकीतून दिसलं, की वडिलांनी गेटजवळ वाटेवर गादी अंथरली आहे आणि ते तिच्यावर पुन्हा पुन्हा पडताहेत. ती धावत बाहेर आली.

"बाबा, काय चाललंय?"

"बघतोय."

"उठा. हाडं मोडून घ्याल."

"डबीच्या अलीकडे, गेटच्या बाजूला उभा राहून पुढे पडलं तर वाजते," तो धापा टाकत म्हणाला. "पलीकडे जाऊन पडलं तर नाही वाजत. पण पडताना आधाराला हात मागे गेला, तर तिथूनही वाजते."

मुलगी त्याच्याजवळ गादीवर बसली. "आईनं हात हलवला असेल बाबा. नेहमीसारखा. मग पडली असेल."

"मग म्हणजे किती वेळानं?"

ती त्याच्या कोपराला लागलेली माती झाडत राहिली. बसलेली माणसं डबीला दिसत नाहीत. घरातली घंटी गप्प होती.

महिन्याभरानं तो पुन्हा कामावर जाऊ लागला. एका निवृत्त शिक्षिकेकडे डबी बसवली, झुडूप आणि शिडीचं सांगून झालं. त्या म्हणाल्या, "माझी बहीण सारखी आत-बाहेर करते हो. तिच्यासाठी काही खूण नाही का ठेवता येणार? दर वेळी उठायचं म्हणजे माझे गुडघे राजीनामा देतील."

तो बराच वेळ स्क्रू पिळत राहिला. स्क्रू केव्हाच घट्ट बसला होता.

"खूण नको बाई," तो म्हणाला. "खुर्ची इकडे घेऊ या." त्यानं स्वतः खुर्ची उचलून खिडकीशी आणली, त्यांना बसवलं, गेट दिसतंय ना ते विचारलं. "उठू नका. नुसती मान वळवा. पण बहीण असली तरी बघा."

"बहिणीला काय बघायचंय? साठ वर्षं बघतेय."

"तरी बघा."

घरची घंटी अजून त्याच्या टेबलावर आहे. ती किती वाजता वाजली, दोन वाजण्यांमध्ये किती सेकंद गेले, यातलं काही ती लक्षात ठेवत नाही. एवढी वर्षं तो गिऱ्हाइकांना हेच कौतुकानं सांगत आला: साधी आहे, कटकट नाही. आता तो डोळे मिटून ती दुपार पुन्हा ऐकू बघतो. पहिली घंटी नीट ऐकू येते. दुसरी कधी चार सेकंदांनी येते, कधी दहा. ज्या दिवशी जसं वाटेल तशी.

ती दुसरी घंटी तिनं 'मी आहे, उठू नका' म्हणून वाजवली, की 'उठा' म्हणून?