अडीच तास मागे

साध्या प्रश्नाला सरळ उत्तर न देणारा इतका सरळ माणूस सबंध बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नसेल. आमच्या समोरच्या घरात राहणारे मॅनेजरसाहेब. जिनिंग फॅक्टरीत मॅनेजर होते. रिटायर झाले तरी मोताळ्यात ते नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. घराणं ख्रिस्ती, शिक्षण मिशनच्या शाळेत, त्यामुळे इंग्रजी सफाईदार, आणि वऱ्हाडी त्याहून सफाईदार. रिटायर झालेली माणसं शेत बघतात, नातवंडं बघतात, निदान दुसऱ्यांची भांडणं तरी बघतात. साहेबांनी परदेशातले मालक लोक बघायला घेतले. नैरोबीचा एक मोठा बेकरीवाला, मनिलाची एक हॉटेलवाली, सगळे चर्चच्या ओळखीतून जोडलेले. वेळ झाली की लॅपटॉप उघडायचा, डोळे मिटून छोटी प्रार्थना करायची आणि त्या मालकाला तासभर फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही. याला कोचिंग म्हणतात, असं ते म्हणाले. मला कोचिंग म्हणजे दहावीच्या मुलांचं असतं तेवढंच ठाऊक.

त्यांच्या भिंतीवर तीन घड्याळं होती. नैरोबी आपल्यापेक्षा अडीच तास मागे, मनिला अडीच तास पुढे. दोन्हींची सरासरी काढली तर बरोबर मोताळा येतो. हे मी दाखवून दिलं तेव्हा साहेब इतके खूश झाले, की काकूंना चुलीपुढून उठवून माझ्याकडून ते पुन्हा वदवून घेतलं.

माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, औषध विकायचं आणि त्यासोबत सल्ला फुकट द्यायचा, हा माझा धंदा. म्हणून साहेबांची ही पद्धत मला कधी पचली नाही. संध्याकाळी ते दुकानावर चहाला येत. एकदा मी आत पोत्यांत गुंतलेलो असताना एका शेतकऱ्याने त्यांनाच विचारलं, "साहेब, यंदा सोयाबीनची कोणती बॅग नेऊ?" साहेबांनी चष्मा पुसला. "मांगच्या साली जे पेरलं, त्यातून तुमी काय शिकले?" तो बिचारा माझ्याकडे वळला. "काऊन हो भाऊ, मी बॅग घ्याले आलो का पेपर द्याले?" आणि सरळ समोरच्या दुकानात गेला. घरातही तेच. जेवताना काकू आधीच बजावत, "मीठ जास्त झालं का कमी, तेवढंच सांगा. मले प्रश्न इचारू नका."

मला हिशेब लागला पाहिजे. म्हणून एकदा समोर बसवून विचारलं. "साहेब, तुम्ही फी घेत नाही, म्हणजे हा धंदा नाही. प्रवचन करत नाही, म्हणजे धर्माचं कामही नाही. मग हे आहे काय?"

"हे माह्यं मिशन आहे, भाऊ."

"पण तासभरात येशूचं नाव तर एकदाही आलं नाही. मी शेजारी बसून कान देऊन ऐकलं."

"त्यानं इचारलं असतं तं घेतलं असतं. मालक मनातून शांत झाला, तं त्याच्या हाताखालचे किती घरं सुखानं जेवतात. प्रभूचं काम मले एवढंच जमते."

मी मान हलवली, पण घरी येईपर्यंत गोंधळ पुन्हा होता तिथेच. एकदा तर बेकरीवाला बोलता बोलता थांबला आणि चक्क रडायला लागला. भावासोबत भागीदारी तोडायची का, असं काहीतरी चाललं होतं. साहेब गप्प. मला वाटलं, नेट गेलं. मी उठून खुणेनं विचारलं, तर त्यांनी मलाच हातानं बसवलं. किती तरी वेळ दोन माणसं एकमेकांकडे बघत गप्प बसली, मधे अख्खा समुद्र. नंतर मी विचारलं, "मग काय ठरलं त्याचं?" साहेब म्हणाले, "ते त्याले माहीत." बेरीज मांडून उत्तर न लिहिता उठणारा माणूस! मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि मग यंदा उन्हाळ्यात चर्चच्या त्याच ओळखीतून नैरोबीहून बोलावणं आलं. इथेच येऊन राहा, काही वर्षं काढा, मालक लोकांना समोर बसवून हेच काम करा. साहेब दुकानावर आले, चहा तसाच ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, तुमीच सांगा. जाऊ का नको?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला सल्ला मागितला तो पहिल्यांदा. माझ्याजवळ उत्तर तयार होतं. त्यांचं वय, साखर, काकूंचे गुडघे, परका मुलूख. सगळं मिळून एकच येत होतं, जाऊ नका. तोंड उघडलं आणि थांबलो. वजन करताना तराजूला आपलं बोट लागलं तर मी माल पुन्हा मोजतो. इथे तर अख्खा हात टेकलेला होता. ते गेले तर संध्याकाळी चहाला माझ्यासमोर कोण बसणार? हे मी हिशेबात कुठे धरलं होतं?

"साहेब," मी म्हणालो, "नाही गेले, तर तुम्हाले काय वाटंल?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक आलं, उभं राहिलं, निघून गेलं. चहावर साय धरली. शेवटी ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही न सांगता घरी गेले.

पावसाळ्याआधी दोघंही नैरोबीला गेले. जाताना मोताळ्याचं घड्याळ त्यांनी पेटीत घातलं आणि नैरोबीचं मला दिलं. ते मी दुकानात गल्ल्यावर लावलंय. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलंच, "काऊन हो भाऊ, तुमचं घड्याळ एवढं मांगं चालून राह्यलं?" पाच मिनिटांची चूक मी कुणाची चालू देत नाही, हे गावाला ठाऊक आहे. मी म्हणालो, "बरोबर आहे ते."

त्यांना त्या दिवशी जाऊ नका म्हणायला हवं होतं का, हे मला अजून सुटलेलं नाही. संध्याकाळी चहा येतो तेव्हा त्या घड्याळात दुपार असते. साहेब कुणाच्या तरी समोर गप्प बसले असतील. मी चहा थोडा वेळ तसाच ठेवतो.