दादाचे तीन चष्मे

आमच्या दुकानात डोळे मी तपासते आणि काचा दादा घासतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. एकवीस वर्षं हेच चाललंय, आणि एकवीस वर्षं काहीही बिघडलं की त्याचं एकच म्हणणं, "तुझा नंबर चुकला असेल."

त्याला लहानपणापासून मिरगी आहे. काच घासायच्या मशीनशेजारी मी कायमची एक गादी टाकून ठेवलीय. एका गोळीवर महिना-दीड महिन्यातून एक झटका ठरलेला. त्यामुळे नातीला, आमच्या भिंगरीला, शाळेत सोडायची त्याची हौस काही पुरी होत नव्हती. सून वाईट नाही, पण वाटेतला रस्ता मोठा आहे. "बाबा, सहा महिने झटका आला नाही तर तुम्हीच न्या," असं तिनं सांगितलं होतं. तेव्हापासून दादा दुकानातल्या कॅलेंडरवर रोज फुली मारायचा आणि झटका आला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचा.

मग डॉक्टरबाईंनी दुसरी गोळी जोडली आणि झटके थांबले. "पंधरा दिवसांनी रक्त तपासायला या," असं त्यांनी बजावलं होतं. पण बरं वाटल्यावर दवाखान्याची पायरी कोण चढतं? दादा तर नाहीच नाही.

तिसऱ्या महिन्यात त्याला एकाचे दोन दिसायला लागले. दुसरा कोणी असता तर मुकाट्यानं डॉक्टरांकडे गेला असता. दादा पडला चष्मेवाला. त्यानं स्वतःसाठी नवा चष्मा केला. तरी दोनच. मग दुसरा केला. मग तिसरा, सोनेरी काड्यांचा. "तुझा नंबर चुकलाय," हे पालुपद होतंच. त्यात गिऱ्हाइकाच्या दोन काचा त्यानं तिरक्या घासल्या आणि मी त्याच्यावर खेकसले. त्याची मला आजही लाज वाटते.

भिंगरी दुकानात आली की विचारायची, "आजोबा, मी किती?"

"एक!" तो ठासून सांगायचा, आणि तिच्या डोक्यावर ठेवायला नेलेला हात शेजारच्या हवेत जायचा. एक दिवस ते माझ्या नजरेला पडलं.

त्या संध्याकाळी मी त्याला तपासायच्या खुर्चीत बसवलं. अक्षरांची एकच ओळ, स्वच्छ. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तीच खुर्ची, तोच चष्मा, आणि दोन ओळी. मी चमकले. चष्मा संध्याकाळी बरोबर आणि सकाळी चूक, असं कधी होत नाही. गोळ्या तो सकाळी आठला घ्यायचा.

"दादा, नंबर बरोबर आहे. हे गोळ्यांचं आहे."

"मग नवी गोळी आजपासून बंद," तो म्हणाला, आणि त्यानं कॅलेंडरकडे बघितलं. ऐंशी फुल्या झाल्या होत्या. गोळी सोडावी तर झटके, घ्यावी तर प्रत्येक गाडीच्या दोन गाड्या. इकडे आड, तिकडे विहीर.

"मनानं काही बंद करायचं नाही," मी म्हटलं आणि त्याला ओढत दवाखान्यात नेलं.

रक्त दुसऱ्या दिवशी सकाळी, गोळी घेण्याआधी काढलं. जुन्या गोळीची पातळी पूर्वीच्या दुपटीच्या वर गेली होती.

"पण मी एक कणही वाढवला नाही!" दादा म्हणाला.

"तुम्ही नाही, नव्या गोळीनं वाढवला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यकृत जुनी गोळी मोडून बाहेर घालवतं. नवी आल्यावर ते काम मंदावलं. तुम्ही घेता तेवढीच, पण बाहेर जाते कमी, म्हणून रक्तात साठत राहते. सकाळचा डोस घेतला की आणखी चढते, तेव्हा दोन दिसतात. नवी ठेवू, जुनी कमी करू. आणि पंधरा दिवसांनी या म्हणजे या!"

"म्हणजे नवी सून घरात आली की जुन्यांनी आवरतं घ्यायचं," दादा म्हणाला.

"ते कळायला रक्त कशाला काढावं लागलं?" मी म्हटलं.

पंधरा दिवसांनी तो माझ्याआधी तयार होऊन बसला होता. पातळी खाली आली होती, आणि सकाळी दहालाही आता एकच ओळ दिसत होती. झटका मात्र परत आला नाही. फुल्या वाढत राहिल्या.

सहा महिने भरले त्या सकाळी सुनेनं भिंगरीचं दप्तर त्याच्या खांद्याला अडकवलं. मी दुकानाच्या दारातून बघत होते. रस्त्याच्या कडेला थांबून भिंगरीनं विचारलं, "आजोबा, गाड्या किती?"

"एक. जाऊ दे तिला."

गाडी गेली. त्यानं पहिल्याच प्रयत्नात तिचा हात बरोबर धरला आणि दोघं रस्ता ओलांडून पलीकडे पोचली. माझे डोळे भरून आले, आणि मला तिथे दोघांची चार दिसायला लागली. तेवढ्यासाठी मी काही चष्मा बदलला नाही.