फोनवरचा कडू घास

नेपाळात भूकंप झाल्याचं टीव्हीवर पाहिलं आणि मी हातातलं काम टाकून फोन घेतला. तीन वर्षांआधी अंजनगावच्या बायांसोबत मी तिकडं यात्रेला गेले होते. दरड कोसळून रस्ता बंद पडला, त्यात मला ताप भरला. रस्त्याकाठच्या एका चहावालीनं दोन दिवस मला तिच्या सासूच्या खाटेवर निजवलं. सासू बिचारी खाली निजली. निघताना चहावालीनं तिचा नंबर दिला होता.

तो नंबर मी लावत सुटले. लागेना. आमचे हे म्हणाले, "काहून जीव काढून राहिली? तिथं कोन आहे तुहं?"

"तिनं मले इचारलं होतं का, तू कोन म्हणून?"

ते उठून मळ्याकडे गेले.

भूकंपाच्या त्या साली आमची विहीर आटली होती, विड्याच्या पानांचा मळा निम्मा वाळला होता. हिला घरचं सोडून परक्यांचं पडलं, असं सगळ्यांना वाटे. वाटू दे. मी हट्टी बाई आहे. पानं खुडायला जाण्याआधी एकदा आणि आल्यावर एकदा, फोन लावायचा म्हणजे लावायचाच.

नवव्या दिवशी दुपारी लागला. माझी हिंदी मोडकी, तिचीही तशीच. घर पडलं, सासू त्यात गेली, एवढं कळलं. ती बांधावर ताडपत्रीखाली राहत होती. वाटपात मिळालेले पोहे तिनं तसेच ठेवले होते. "खाया नहीं जाता, दीदी," म्हणाली.

आमच्याकडे मैताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकर आणतात, समोर बसून खायला लावतात. कडू घास म्हणतात त्याला. पण तिच्या गावात घरोघरी मैत. शेजारी येणार कुठून? मला रडू फुटलं, आणि मग रागच आला.

मी टोपल्यातली भाकर काढून पिठल्यात मोडली. "मैं तेरी पडोसन," म्हटलं. "तू उधर खा, मैं इधर खाती. तू नहीं खाएगी तो मैं भी नहीं."

बराच वेळ काहीच ऐकू येईना. "कट झाला वाट्टे," हे दारातून म्हणाले. मी हातानंच त्यांना थांबवलं.

मग कोरडे पोहे चावल्याचा आवाज आला.

"और एक," मी म्हटलं. तिनं खाल्ला. तेव्हा कुठं माझा घास घशाखाली उतरला.