आसरवाडीच्या निळ्या टोप्या

जयसिंग काकांनी चित्रित केलेल्या लग्नांत मांडवातल्या पांढऱ्या टोप्या ओढ्यावर गेल्या की निळसर होतात. माझ्या मावशीचं लग्न आसरवाडीतलं. तिच्या लग्नाची सीडी घरी लागली की कोणीतरी हमखास म्हणतं, "आला बघा ओढा, झाल्या टोप्या निळ्या." असं का होतं ते या वर्षापर्यंत आम्हांला कोणालाच माहीत नव्हतं.

काका कराडकडचे. नव्वदच्या सुमारास भोसरीतल्या एका कंपनीत टर्नर म्हणून लागले. फोरमनच्या मुलीच्या लग्नात कॅमेरेवाला जेवून आडवा झाला, वरात दारात आली, म्हणून यांनी त्याचा कॅमेरा उचलला. त्यानंतर लेथवर त्यांचं मन रमलं नाही. आज त्यांनी साठी ओलांडली आहे. संत तुकाराम नगरात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर 'जय व्हिडिओ' नावाचं त्यांचं दुकान आहे. आत लोखंडी कपाट, आणि कपाटात पस्तीस वर्षांची लग्नं. प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर तारीख, गाव आणि नवरा-नवरीचं नाव, तेही टर्नरच्या शिस्तीत, एका मापाच्या अक्षरात.

चाकणच्या पुढच्या आसरवाडीची बहुतेक लग्नं त्यांच्याकडेच असत. तिथे एक रीत आहे. अक्षता पडल्या की नवरा-नवरी जेवायच्या आधी ओढ्यावर जातात. काठाला शेंदूर लावलेले सात दगड आहेत, त्या साती आसरा. पाण्यात राहणाऱ्या या देवींची ओटी भरल्याशिवाय लग्न पुरं झालं असं गाव मानत नाही. त्यामुळे काकांच्या कपाटात आसरवाडीची जितकी लग्नं आहेत, तितक्या वेळा तो ओढाही आहे.

याच ओढ्यासाठी मैत्री नावाची एक मुलगी दुकानात आली. तिचे वडील पिंपरीतल्या कारखान्यातून निवृत्त झाले. ती स्वतः पुण्यात संशोधन करते. चित्रपटांत, बातम्यांत आणि लोकांच्या घरगुती चित्रीकरणात नदी-नाले कसे दिसतात, आणि पाणी बिघडलं की कोणाचं म्हणणं खरं धरलं जातं, असा तिचा विषय. काकांना तो आधी कळला नाही. मग ती म्हणाली की ओढ्याचा फोटो मुद्दाम कोणी काढत नाही, लग्नात मात्र तो आपोआप येतो, म्हणून या कॅसेटी म्हणजे ओढ्याची कागदपत्रंच. हे त्यांना पटलं. पस्तीस वर्षांत त्यांच्या कामाला कोणी कागदपत्र म्हटलं नव्हतं. त्यांनी तिला चहा पाजला आणि कपाट उघडून दिलं.

तिसऱ्या दिवशी ती एक छापील पान घेऊन आली. आसरवाडीच्या वरच्या अंगाला रंग तयार करणारा एक कारखाना आहे. तो दोन हजार तीन साली आला आणि दुसऱ्या वर्षापासून ओढ्याचं पाणी लालसर तपकिरी झालं, असं गाव सांगतं. आता त्या कारखान्याला वाढ हवी होती आणि त्यासाठी जनसुनावणी लागली होती. कारखान्याचं म्हणणं होतं की ओढा अगदी आत्ताआत्तापर्यंत स्वच्छ होता, तो खराब केला नव्या सोसायट्यांच्या सांडपाण्याने. पुरावा म्हणून त्यांनी दोन हजार सातचं एक चित्र जोडलं होतं. गावातल्या मारुतरावांची मुलगी निशिगंधा आणि तिचा नवरा ओढ्याकाठी ओटी भरताहेत, शेजारी टोपी घातलेले मारुतराव, मागे हिरवंनिळं पाणी. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं होती: जय व्हिडिओ.

सीडी कारखान्याच्या हाती कशी लागली ते कोणालाच सांगता येईना. तिच्या सात-आठ प्रती नातेवाइकांत फिरल्या होत्या.

"काका, तेव्हा पाणी खरंच असं होतं?" मैत्रीने विचारलं.

काकांनी पान उलटं करून टेबलावर ठेवलं आणि बघून सांगतो म्हणाले.

खरं काय ते त्यांना बघावं लागणार नव्हतं. दोन हजार पाचला आसरवाडीतल्या एका नवरीच्या आईने कच्ची कॅसेट पाहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीच्या सासरी चार माणसांत ही कॅसेट लागणार, आणि तिच्या गावचं पाणी असं, वर फेस. तिने विचारलं, एवढं पाणी नीट करून देता येईल का? काकांकडे तेव्हा नवं मिक्सिंग मशीन आलं होतं. त्यांनी ओढ्याच्या प्रसंगापुरता निळा रंग चढवला आणि फेस चौकटीबाहेर काढला. पाणी सुधारलं. पण त्या मशीनवर पाण्याला वेगळा आणि माणसांना वेगळा रंग देता येत नसे, त्यामुळे टोप्याही निळ्या झाल्या. चेहरे हळदीमुळे खपून गेले. पुढच्या लग्नवाल्यांनी तसंच पाणी मागितलं, त्याच्या पुढच्यांनीही. मग कोणाला मागावंही लागेना, काका आपण होऊनच करून देऊ लागले. कोऱ्या कॅसेटी जपून वापराव्या लागत, म्हणून मूळ चित्रीकरणावर पुढचं लग्न चढलेलं असे. त्या वर्षांचं आता उरलं होतं ते फक्त निळं पाणी.

त्या दिवशी जेवताना त्यांनी हे बायकोला, गिरजाबाईंना सांगितलं. आपण तोंड उघडलं तर आसरवाडीत पुन्हा पाय ठेवता येणार नाही, आणि पस्तीस वर्षांच्या प्रत्येक कॅसेटवर लोक संशय घेतील, अशी त्यांना भीती होती. नाही उघडलं, तर आपल्याच चित्रामुळे गाव हरेल. गिरजाबाई शांतपणे भाकरी मोडत होत्या.

"अहो, पोरींची लाज झाकली, त्याचं मला काही वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पण आता त्याच पदराआड भलताच माणूस लपलाय. आणि तुमचं खोटं धड तरी कुठंय? टोप्या बघून शेंबडं पोर ओळखतं."

काकांनी हातातला घास तसाच ठेवला आणि ते दुकानात गेले.

तिथे त्यांनी काय केलं ते मला नंतर संगणकावर दाखवलं. मी चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांचा रंग कॅमेऱ्याने तपासायचं काम करतो, तरी मला हे सुचलं नसतं. टोपी पांढरी होती एवढं नक्की ठाऊक आहे. चित्रातली टोपी पुन्हा पांढरी होईपर्यंत निळा रंग कमी करत जायचं. टोपीवरून निळा उतरतो तसा तो पाण्यावरूनही उतरतो. मारुतरावांची टोपी पांढरी झाली तेव्हा त्यांच्या मागचा ओढा उकळून ठेवलेल्या चहासारखा दिसत होता, कडेला तांबूस झाक.

सुनावणीच्या आदल्या दिवशी काका आसरवाडीला जाऊन मारुतरावांना भेटले. मारुतरावांनी सगळं ऐकून घेतलं, पण त्यांचा सूर कडक होता. लेकीचं सासर चाकणातच आहे, भरसभेत तिच्या लग्नाचा तमाशा नको, असं त्यांचं म्हणणं पडलं. काका म्हणाले की मी माझ्यापुरतं सांगेन, तुमचं नाव घेणार नाही. चहा न घेताच ते परतले.

सुनावणी गावच्या शाळेच्या पटांगणात झाली. सकाळी अकराची वेळ, वर कापडी मांडव. लग्नासारखाच मांडव पाहून काकांना क्षणभर कॅमेरा कुठे लावावा असा विचार आला, असं ते सांगतात. अधिकाऱ्यांनी नाव पुकारलं. काकांनी पडद्यावर आधी निळं पाणी दाखवलं.

"हे पाणी निळं मी केलंय," ते म्हणाले. "मशीनवर. तेव्हा चांगलं दिसावं म्हणून केलं. ते खरं म्हणून कोणी वापरू नये."

मग त्यांनी टोपी पांढरी करत नेली. मांडवात कुजबुज सुरू झाली. कारखान्याच्या बाजूने बसलेले गृहस्थ उठले. त्यांचा आवाज सौम्य होता. तेव्हा तुम्ही रंग बदललात असं तुम्हीच म्हणता, मग आज पुन्हा बदलत नाही कशावरून, असं त्यांनी विचारलं.

प्रश्न चुकीचा नव्हता. काकांनी पडद्यावरच्या टोपीकडे बोट केलं आणि ही टोपी पांढरी होती एवढंच म्हणाले. टोपी कोणाची ते सांगायचं तर दिलेला शब्द मोडत होता.

मागच्या रांगेत मारुतराव उठले. डोक्यावर टोपी होती.

"ती टोपी माजी हाय," ते म्हणाले. "लेकीच्या लग्नात निळी टोपी घालाया मी काय बँडवाला न्हाई."

मांडव हसला. अधिकारीही खाली बघून हसले. हसू ओसरेपर्यंत मारुतराव उभेच राहिले.

"आनि पानी निळं करा म्हनून यास्नी आमीच सांगितलं व्हतं. लाज वाटली म्हनून. लिवून घ्या सायेब. दोन हजार सातला त्या पान्यात लेकीनं पाय घातला न्हाई. काठावरनंच वटी टाकली."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. कारखान्याने जोडलेल्या चित्रासमोर 'मूळ रंग बदललेला, चित्रीकरण करणाऱ्याचे कथन सोबत' अशी नोंद झाली. वाढीचा निर्णय अजून लागलेला नाही. मैत्री म्हणते, तो कसाही लागला तरी ती नोंद आता पुसता येणार नाही.

काकांना वाटलं होतं की गावाशी संबंध संपला. चार दिवसांनी मारुतराव निशिगंधाला घेऊन दुकानात आले. तिच्या पर्समध्ये लग्नाची सीडी होती. तिने काकांना ओढ्याचा प्रसंग होता तसा करून मागितला. काकांनी एकदा मारुतरावांकडे पाहिलं. ते कपाटातल्या कॅसेटींवरची नावं वाचत होते.

आता आसरवाडीहून आठवड्याला दोन-तीन सीड्या येतात. काका एकेक टोपी पांढरी करतात. पाणी मळकट होत जातं आणि त्याबरोबर नवरीच्या चेहऱ्यावरची हळद पुन्हा पिवळी दिसू लागते. मावशीचीही सीडी मी देऊन आलो आहे. सध्या ती रांगेत सातवी आहे.